कोंबडी पक्षी असल्याचा दाखला

कोंबडी हा पक्षी आहे, हे मला लेखी सिद्ध करावं लागलं. नुसतं लेखीही नाही. सही, शिक्का आणि तारखेसह. पृथ्वी गोल असल्याचा दाखला माझ्याकडे कुणी कधी मागितला नाही. मी माझ्या वडिलांचा मुलगा असल्याचा पुरावाही नोकरीला लागताना एकदाच दिला होता, आणि तोही कुणी उघडून पाहिला नव्हता. कोंबडीच्या बाबतीत मात्र माझ्या शब्दाला आमच्या इमारतीत काडीची किंमत उरली नाही. आणि ज्या नियमामुळे हे सगळं झालं तो नियम मीच लिहिलेला होता.

मी विमा कंपनीत दावे तपासतो. छप्पर वाऱ्यानं उडालं की मुळातच सैल होतं, गाडी आदळली की आदळवली, हे ठरवण्यात माझी हयात गेली. त्यामुळे जगातल्या प्रत्येक गोष्टीला एक रकाना असतो आणि ती गोष्ट त्या रकान्यात नीट बसवली की निम्मे तंटे मिटतात, अशी माझी श्रद्धा आहे. इमारतीचा सचिव झाल्यावर कुत्र्यांवरून भांडण पेटलं तेव्हा मी एका बैठकीत नियम लिहून काढला: ‘इमारतीत पक्षी वगळता कोणताही प्राणी पाळता येणार नाही.’ पक्ष्यांची सूट अर्थातच अध्यक्षांच्या पोपटासाठी होती. अध्यक्ष आमच्या बरोबर वर राहतात, आणि त्यांचा पोपट त्यांच्या गॅलरीत. हा पोपट कधीही काहीही बोलत नसे. अध्यक्ष म्हणत, तो विचार करतो.

त्यानंतर माझे सासरे आले, आणि त्यांच्या काखेत कोंबडी होती.

सासूबाई गेल्यापासून ते आपल्या घरी एकटेच राहत होते. ‘आमच्याकडे चला’ असं बायको त्यांना फोनवर सांगून सांगून थकली होती. ते दर वेळी म्हणायचे, “बघू.” शेवटी एकदा, “चार दिवस येऊन बघतो,” म्हणाले. बायकोनं फोन ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं की, आता या घरात भिंत जरी चुकीची उभी असली तरी ती दुरुस्त करायची, हे मला न सांगता समजलं.

“अहो, एकदा परत गेले ना बाबा, तर पुन्हा येणार नाहीत,” ती म्हणाली. “तिकडे एकटे जेवतात. उभ्याउभ्या जेवतात. मला माहितेय.”

“मी कुठे काय म्हणतोय?” मी म्हणालो.

“तुम्ही काही म्हणू नका, एवढंच.”

मी काही म्हणालो नाही. कोंबडी पाहूनही म्हणालो नाही. तांबूस रंगाची, गोल, आणि चेहऱ्यावर आमच्या विभागीय व्यवस्थापकांसारखा कायमचा संशय. सासरे तिला बाईसाहेब म्हणत. सासूबाईंनी ती पिल्लू असल्यापासून वाढवली होती, त्यामुळे तिच्याबद्दल चर्चा संभवत नव्हती. गॅलरीत तिच्यासाठी खोकं आलं, खोक्यात गवत आलं. माझी वेताची खुर्ची गॅलरीत होती. त्या खुर्चीत बाईसाहेब आल्या. सासरे माझ्याशी थेट फारसं बोलत नसत. ते कोंबडीशी बोलत आणि मी ऐकावं अशी अपेक्षा असे. “काय बाईसाहेब, जावईबापू आज पेपर अजून सोडत नाहीत वाटतं?” असं ऐकू आलं की मी पेपर सोडायचो.

पण चार दिवसांचे पंधरा झाले. ते बसून जेवू लागले. बायको स्वयंपाकघरात गुणगुणू लागली, आणि मला रोज ताजं अंडं मिळू लागलं. एकूण दावा मंजूर होण्यासारखा होता.

मग अध्यक्ष खाली आले. त्यांच्याबरोबर आमचे समोरचे शेजारी होते, ज्यांना इमारतीत सगळे सर्वज्ञ म्हणतात. ते कुठल्याही विषयावर मत देतात, आणि विषय नसला तरी देतात.

“सचिव, तुमच्याच नियमानुसार ही कोंबडी बेकायदेशीर आहे,” अध्यक्ष म्हणाले.

“कोंबडी पक्षी आहे,” मी म्हणालो.

“कोण म्हणतं?”

सर्वज्ञ मदतीला आले. “तसा वैज्ञानिकदृष्ट्या वाद आहे. पक्षी उडतो. कोंबडी पळते. माझ्या मते ती मधली पायरी आहे.”

“मग शहामृग?”

“तो आपल्या इमारतीत नाही,” अध्यक्ष म्हणाले. “मला लेखी आणून द्या. नाहीतर आठवडाभरात कोंबडी बाहेर.”

गॅलरीत सासरे कोंबडीला म्हणाले, “बाईसाहेब, आवरायला घ्या हळूहळू. आपला इथं त्रास होतोय लोकांना.” आतून बायकोच्या हातातलं भांडं पडल्याचा आवाज आला. मी दुसऱ्याच दिवशी अर्धी रजा टाकली.

नगरपालिकेत पक्ष्यांसाठी तीन नंबरची खिडकी होती. खिडकीतल्या कारकुनानं अर्ज वाचला, पेन खाली ठेवलं आणि मला न्याहाळलं.

“कोंबडी पक्ष्यांत येत नाही,” तो म्हणाला.

“मग कशात येते?”

“पशुधनात. गाय, म्हैस, शेळी, कोंबडी. खिडकी पाच.”

“अहो, तिला पंख आहेत. ती अंडी घालते.”

“साहेब, आमच्या खात्यात पक्षी म्हणजे ज्याला कुणी मालक नाही तो. तारेत अडकला, जखमी झाला की आम्ही उचलतो. मालक आला की पशुधन.”

“आणि पिंजऱ्यातला पोपट?”

“तो हौस. खिडकी सात.”

इतकी नेटकी वर्गवारी पाहून मला, खरं सांगायचं तर, त्या माणसाबद्दल आदर वाटला. असा माणूस आमच्या विम्यात हवा होता. पाच नंबरच्या खिडकीत मला गोठा पक्का की कच्चा, असं विचारण्यात आलं. मी गॅलरी म्हणालो. गॅलरी रकान्यात नव्हती. शेणाची विल्हेवाट कशी लावता, यावर मी जे उत्तर दिलं ते त्या बाईंना उद्धट वाटलं आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.

पशुधन ठरली असती तर कोंबडी घराबाहेर. म्हणून कसंही करून ती पक्ष्यांतच बसवणं भाग होतं. मी कॉलेज गाठलं. प्राणिशास्त्र विभागात डांबरगोळ्यांचा वास होता आणि काचेच्या कपाटांत पेंढा भरलेले पक्षी माझ्याकडे रोखून पाहत होते. प्राध्यापिका बाई एका घुबडावरची धूळ ब्रशनं झाडत होत्या. मी येण्याचं कारण सांगितलं. त्यांनी घुबड टेबलावर ठेवलं.

“कोंबडी पक्षी आहे याबद्दल नेमकी शंका कुणाला आहे?”

“इमारतीच्या समितीला.”

“समितीत किती लोक आहेत?”

“सात. दोघं इंजिनियर आहेत.”

मग त्यांना माझी दया आली असावी, कारण त्यांनी मला खुर्ची दिली आणि सगळं पहिल्यापासून समजावलं. उडणं हे पक्ष्याचं लक्षणच नव्हे. वटवाघूळ उडतं, पण ते पिल्लांना दूध पाजतं. ते आपल्या बाजूचं. पेंग्विन उडत नाही, तरी पक्षी. खरी खूण पिसांची. आज जिवंत असलेल्या प्राण्यांत पिसं पक्ष्यांनाच, दुसऱ्या कुणालाही नाहीत. कोंबडी, मोर, लावा, तितर हे सगळे एका गणातले, आणि बदकं-हंस हे त्यांचे जवळचे भाऊबंद. ही शाखा इतर बहुतेक पक्ष्यांपासून फार जुन्या काळी वेगळी झाली.

“आणि पोपट?” मी मुद्दाम विचारलं.

“पोपट तिकडच्या मोठ्या शाखेवर. चिमण्या आणि ससाणे हे त्याचे जवळचे नातेवाईक.”

मी ‘ससाणे’ हा शब्द लिहून घेतला. बाईंनी विभागाच्या कागदावर दाखला लिहून दिला: ‘सदर प्राणी पक्षीवर्गातील असून मादी आहे.’ मादी हा शब्द त्यांनी आपणहून घातला होता. मी त्यांचे दोनदा आभार मानले. त्या एका शब्दानं पुढे माझ्या नाकी नऊ आणले.

समितीसमोर मी तो दाखला असा वाचला की जणू न्यायालयात निकाल वाचतोय. वर हेही जोडलं की, मोराच्या घराण्यातल्या एका शांत पक्ष्याला हाकलून ससाण्याच्या नातेवाइकाला वर पिंजऱ्यात बसवणं इमारतीच्या सुरक्षिततेला धरून आहे का, याचा सभासदांनी विचार करावा. अध्यक्षांचा चेहरा उतरला. घरी आलो तर सासऱ्यांनी कोंबडीला सांगितलं, “बाईसाहेब, जावईबापूंना बोलता येतं की.” दोन दिवस मी हवेत होतो.

मग अंडी बंद झाली. सासरे म्हणाले, वयोमानानुसार होतं. मग बाईसाहेबांचा तुरा वाढला, लालभडक झाला आणि एका बाजूला कलला. शेपटीला लांब वाकडी पिसं फुटली. मी दाढी करता करता हे बदल पाहत होतो, पण आपल्याला काय त्यातलं कळतं, असं म्हणून गप्प होतो. आणि एका सकाळी, सूर्य धड उगवलाही नव्हता, तेव्हा बाईसाहेब माझ्या वेताच्या खुर्चीच्या पाठीवर चढल्या, मान ताणली आणि आरवल्या.

साधं नाही, खणखणीत, शेवट लांबवून, चार इमारतींना जाग येईल असं.

“घसा खवखवतोय तिचा,” सासरे पांघरुणातून म्हणाले. “हवा बदललीय.”

नऊ वाजेपर्यंत घसा सहा वेळा खवखवला. दाराची बेल वाजली. अध्यक्ष, सर्वज्ञ आणि रात्रपाळी करून आलेल्या खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई दारात उभ्या होत्या. नर्सबाईंचे डोळे पाहून मला खरंच अपराधी वाटलं.

“मादी?” अध्यक्षांनी एवढंच विचारलं.

“ती मादीच आहे.”

“तुम्ही कोंबडी दाखवून कोंबडा आणलात. तुमच्या धंद्यात याला काय म्हणतात?”

आमच्या धंद्यात याला फसवणूक म्हणतात. बावीस वर्षं मी लोकांचे खोटे दावे पकडले, आणि आता माझ्याच दारात उभं राहून लोक मला खोटा दावेदार ठरवत होते. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. बायकोला गेलं, पण तिचं लक्ष सासऱ्यांच्या ताटाकडे होतं, आणि सासरे उभे राहून जेवत होते.

मी बाईसाहेबांना टोपलीत घालून पुन्हा कॉलेजात नेलं. बाईंनी तिला उलटं-सुलटं पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. मला चेहरे उजळलेले तज्ज्ञ आवडत नाहीत. आमच्याकडे ते आग तपासणीला येतात.

“फार क्वचित पाहायला मिळतं हे!” त्या म्हणाल्या. “कोंबडीला कामाचं अंडाशय एकच असतं, डावीकडचं. ते आजारानं बंद पडलं की कधीकधी उजवीकडचा सुप्त अवयव वाढायला लागतो. मग तुरा येतो, शेपूट येते, आरवणं येतं. पण जन्मानं ती मादीच. तिच्या पेशी तपासा, मादीच निघेल.”

“म्हणजे दाखला खरा आहे?”

“शंभर टक्के.”

“मग ती गप्प कधी बसेल?”

“ते मात्र दाखल्यात लिहिता येणार नाही.”

इमारतीत हे समजावून सांगणं म्हणजे डोकं भिंतीवर आपटणं होतं. ‘आतून मादी आहे’ असं जिन्यात म्हटलं की लोक लहान मुलांना घेऊन घाईनं वर जात. सर्वज्ञांनी सल्ला दिला की, अंधारात कोंबडा आरवत नाही, तिला पहाटे अंधाऱ्या जागी ठेवा. आमच्या घरात अंधारी जागा म्हणजे न्हाणीघर. पण तिचं घड्याळ अंगातच होतं. उजेड दिसला नाही तरी वेळ झाली की ती आरवायचीच. फरशीमुळे तो आवाज नळातून वरखाली सगळ्या मजल्यांवर गेला. वरून अध्यक्ष नळाला तोंड लावून ओरडल्याचं आम्हाला स्पष्ट ऐकू आलं. मग सर्वज्ञ म्हणाले, मान ताणता आली नाही तर आरवता येत नाही, तेव्हा बुटका खोका करा. मी बुटका खोका केला. त्यात सासऱ्यांनी एकदा वाकून पाहिलं आणि झाकण काढून टाकलं.

“एवढ्यासाठी नको,” ते म्हणाले. या वेळी कोंबडीशी नाही, माझ्याशी. “मान खाली घालून जगवायची असेल तर आम्ही आपल्या घरी बरे.”

बायकोनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी सभा बोलावली.

सभा अध्यक्षांच्या दिवाणखान्यात भरली, कारण खाली नेहमीच्या जागी पाण्याचं काम चालू होतं. सगळे सभासद आले होते. सासरे दाराजवळच्या स्टुलावर बसले. बाईसाहेब पुराव्यादाखल माझ्या मांडीवर होत्या. संध्याकाळ झाल्यामुळे त्या डोळे मिटून, मान पिसांत घालून, पायजम्यात नखं रुतवून बसल्या होत्या. मी उभा राहिलो की त्या पडतील, म्हणून मी बसूनच बोललो, आणि बसून बोलणाऱ्या माणसाचा सभेवर प्रभाव पडत नाही हे मला तिथं समजलं.

डावं अंडाशय हा शब्द मी उच्चारताच दोघं इंजिनियर छताकडे पाहू लागले.

“पुरे झालं,” अध्यक्ष म्हणाले. “कोंबडा आहे की नाही ते सगळ्यांना रोज ऐकू येतं. हा आवाज ज्या प्राण्याचा, तो प्राणी उद्या इमारतीबाहेर. ठराव मांडतो. हात वर करा.”

हात वर येऊ लागले. तेवढ्यात दिवाणखान्यात बांग ऐकू आली. खणखणीत, शेवट लांबवून.

सगळे माझ्या मांडीकडे वळले. बाईसाहेबांनी एक डोळा उघडला, पाहिलं आणि मिटला. पुन्हा बांग झाली. या वेळी ती कोपऱ्यातून, संध्याकाळी गॅलरीतून आत आणून कापड घातलेल्या पिंजऱ्यातून आली हे नाकारणं कुणालाही शक्य नव्हतं. अध्यक्षांच्या पत्नी उठल्या आणि त्यांनी कापड काढलं. पोपट दांडीवर मान ताणून उभा होता. इतकी वर्षं विचार करून तो पहिल्यांदा चारचौघांत बोलला होता, आणि खूश दिसत होता.

“सकाळचे निम्मे आवाज या मजल्यावरूनच येतात, मी म्हणतच होते,” नर्सबाई म्हणाल्या.

“पोपट ऐकून शिकतो,” मी म्हणालो. “कोंबडीला हे शिकावं लागत नाही, तिला ते जन्मतः असतं. मी हे लिहून आणलंय. अध्यक्ष, ठराव असा होता ना, की हा आवाज ज्या प्राण्याचा...”

वर आलेले हात खाली गेले. सर्वज्ञ म्हणाले की, त्यांना पहिल्यापासून शंका होती. अध्यक्षांनी कपाळ पुसलं, नियमांची प्रत उघडली, बराच वेळ चाळली, आणि मग त्यांचा आवाज एकदम गोड झाला.

“पक्ष्यांचं राहू द्या. दोन्ही पक्षी राहतील. पण सचिवांनीच लिहिलेलं एक उपकलम आहे: पाळण्याचा हक्क रहिवाशाला, पाहुण्याला नाही. कोंबडी तुमची नाही. ती यांची.” त्यांनी स्टुलाकडे हात केला. “आणि हे तुमचे पाहुणे. तुम्हीच सगळ्यांना सांगितलंत, चार दिवसांसाठी आलेत.”

ते उपकलम मी लिहिलं होतं आणि साफ विसरलो होतो. सासरे उठले. “वाद नको,” ते म्हणाले. “मी पाहुणाच आहे. उद्या सकाळची गाडी आहे, आम्ही दोघं निघतो.” त्यांनी कोंबडीसाठी हात पुढे केला.

मला तिच्याविषयी प्रेम नव्हतं. खुर्ची गेली होती, पेपर गेला होता, झोप गेली होती, कॉलेजात आणि नगरपालिकेत मला वेड्यात काढलं होतं. हे दोघं गेले की सगळं परत मिळणार होतं. पण ते हात पुढे करून उभे होते आणि मला ते जायला नको होते. बायकोसाठी नव्हे, मलाच नको होते. आधी माझ्या घरात मला कुणी बोलायला लावत नसे.

“बाबा, बसा खाली,” मी म्हणालो. त्यांना मी बाबा म्हणालो ते तेव्हा पहिल्यांदाच. “अध्यक्ष, लिहून घ्या. हे पाहुणे नाहीत. हे आमच्या घरातले आहेत. कायमचे. दारावरच्या पाटीवर यांचं नाव उद्या लागेल.”

“पण तुम्ही स्वतः...”

“सचिवाची चूक. दुरुस्त करतोय.”

दार बायकोनं कधी उघडलं होतं कोण जाणे; ती तिथं पदर तोंडाला लावून उभी होती.

खाली येताना सासरे जिन्यात एक शब्द बोलले नाहीत. कोंबडीशीही नाही. घरात शिरल्यावर ते थेट आमच्या खोलीत गेले, कपाट उघडलं आणि आत पाहत उभे राहिले.

“जावईबापू, माझे शर्ट अजून पेटीतच आहेत,” ते म्हणाले. “कुठे ठेवू?”

“वरचा कप्पा रिकामा करून देतो.”

“वर माझा हात पुरत नाही. मधला द्या.”

“मधल्यात माझे कपडे आहेत, बाबा.”

“मग तुम्ही वर जा,” ते म्हणाले, आणि पेटी आणायला वळले.

मी माझे कपडे वर नेले. तेव्हापासून रोज ऑफिसला जायच्या आधी मी स्टुलावर चढून शर्ट काढतो.